भागुबाईचं पडद्यातलं दुकान

इंदिरानगरातल्या एका सोसायटीच्या गेटापाशी संध्याकाळी एक म्हातारी प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन, उकिडवी बसलेली दिसते. खुर्ची ही वस्तू तिला अजून नीटशी कळलेली नाही. पुढ्यात काहीही नसतं. तरी ती अशी काही बसते की येणारा-जाणारा क्षणभर थबकतो आणि खाली वाकून बघतो, वाटे कशाचे लावलेत. मग ओशाळून पुढे जातो. म्हातारीला त्याची भारी गंमत वाटते. दिवसातून दोन-तीन जण तरी असे फसले नाहीत तर रात्री तिला जेवण गोड लागत नाही.

ही भागुबाई. माहेर पेठ तालुक्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. भात आणि नागलीची भाकर खाऊन वाढलेली. लग्नानंतर नवऱ्याबरोबर नाशकात बिगारी कामाला आली. नवरा पुढे इमारतीवर विटा वाहतच राहिला, पण हिने दोन महिन्यांत घमेलं टाकलं आणि पाटी उचलली. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, मग बोरं, आवळे, आणि बारा महिने खारे शेंगदाणे. घरात सत्ता कुणाची चालायची हे सांगायलाच नको. नवरा गेला तेव्हा शेजारणी म्हणाल्या, बिचारा आता तरी बसून खाईल. घरातल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत म्हणतात, पण या शेजारणीच सांगत सुटल्या त्याला कोण काय करणार?

मुलगा सुनील अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर झाला, इंदिरानगरात फ्लॅट घेतला आणि आईला पाटीवरून उठवून वर नेऊन बसवलं. सून निकिता चांगली, जीव लावणारी. फक्त तिचं एक म्हणणं असतं, "आत्या, गेटवर बसा, पण तसं बसू नका हो. लोकांना वाटतं तुम्ही काहीतरी विकताय."

"मंग वाटू दे की. वाटण्याला काय टॅक्स हाय?"

भागुबाईच्या मनात एक जागा रिकामी होती, आणि ती या दोघांनाही ठाऊक नव्हती. तिचं एक दुकान होतं. पाटी नव्हे, दुकान. दगडी पायऱ्यांचं, कमानीचं, लाकडी दाराचं. तीस वर्षांपूर्वी ते हरवलं होतं. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण ते दुकान पडद्यावर होतं.

झालं होतं असं. रविवार कारंज्याजवळच्या एका बोळात पुंजाशेटने व्हिडिओ गेमचं दुकान थाटलं होतं. हा पुंजाशेट चांदवडकडचा, केसांना मेंदी लावणारा आणि ती मेंदी नाहीच असं शपथेवर सांगणारा. बाहेर पाटी लावलेली, 'मुलांच्या बुद्धीच्या विकासासाठी'. आत अंधार, धूर, आणि कॉलेज बुडवून विकास करून घेणारी पोरं. आत चार मशीन. तीन मारामारीची आणि एक तलवारवाला.

त्याचं खरं नाव कुणाला वाचता यायचं नाही. अक्षरं चिनी होती की जपानी, यावरही दोन पक्ष होते. खेळ मात्र झकास. एक पोरगेलासा वीर अर्ध्या कपड्यांत घरातून निघतो, फळ्यांवरून उड्या मारतो, सापविंचू आणि हाडांचे सापळे कापतो, त्यातून सोन्याची नाणी उडतात ती वेचतो. आणि मध्येच एखादं दार लागतं. दार उघडलं की आत दुकान. तिथे नाणी देऊन बूट घ्यायचे, म्हणजे उडी उंच जाते. ढाल घ्यायची, चिलखत घ्यायचं, लाल औषधाची बाटली घ्यायची. नुसती मारामारी करून भागत नसे, वेचून, राखून, विचार करून खर्च करावा लागे. कोपऱ्यात वाळूचं घड्याळ सारखं गळत असे, आणि पडदा पुढेच सरके. मागे राहिलेलं दार पुन्हा येत नसे. मेलं की पहिल्यापासून, पुन्हा अर्ध्या कपड्यांत.

आणि त्या दुकानात कोण बसलेली असायची? डोक्यावरून पदरासारखं फडकं घेतलेली, नाक फेंदारलेली, उकिडवी बसलेली एक बाई. बोळाच्या तोंडाशी शेंगदाणे घेऊन बसणारी भागुबाई पोरांनी रोज बघितलेली. मग काय! त्या बाईच्या तोंडाखाली जी परकी अक्षरं उमटत, ती पोरं भागुबाईच्या आवाजात वाचून दाखवू लागली, "घ्यायचं तर घे, नायतर उजेड सोड!" कारण हे भागुबाईचं रोजचं वाक्य. कुणी पाटीपुढे उभं राहून नुसतेच दाणे चाचपू लागलं की ती हेच म्हणायची.

पुढे तर रिवाजच पडला. तलवारवाला खेळायचा तर आधी बाहेरच्या भागुबाईकडून पुडी घ्यायची, मग आतल्या भागुबाईकडून बूट. पुडी न घेता खेळलेला पोरगा पहिल्याच विंचवाला मेला, असं दोन-तीनदा घडलं आणि रिवाजाला धर्माचं बळ आलं. भागुबाईचा धंदा वाढला, पण का वाढला ते तिला कळेना. एक दिवस तिला बोळात ऐकू आलं, "अरे, भागुबाईकडे नको जाऊस, बया लुटते!"

ती पदर खोचून आत शिरली.

"कुनाला लुटलं रे म्या? कोन बोलला? पुढं हो!"

मशीनपुढे शेखर होता. लांब केस, कॉलेजचं दुसरं वर्ष, आणि ते दुसरं वर्ष तिसऱ्यांदा. घर भद्रकालीत, लक्ष ज्योत्स्ना नावाच्या मुलीकडे आणि हात कायम मशीनवर. तो दचकला आणि त्याचा वीर नेमका दारातून आत गेला.

"तुम्हाला नाही मावशी, यांना," तो पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला.

भागुबाईने बघितलं. बघतच राहिली. पोरांनी कान झाकून घेतले, आता शिव्यांचा पाऊस पडणार म्हणून. भागुबाई हळूच म्हणाली,

"दगडाचं हाय का रं दुकान?"

"दगडी आहे. वर कमान बघा. दोन मशाली."

"आन दार?"

"सागवानी!" शेखरने ठोकून दिलं.

"गिऱ्हाईक दार उघडून येतं व्हय?"

"दार उघडूनच येतं. आणि तुम्ही उठतसुद्धा नाही."

त्या दिवसापासून भागुबाई रोज एकदा आत येऊन दुकान बघून जायची. कारण उघड होतं. अतिक्रमणची गाडी आली की तिला पाटी उचलून पळावं लागे. नवऱ्याने टपरी घेऊन देतो म्हणून आयुष्यभर सांगितलं आणि तेवढं सांगून तो गेला. आता गाडी आली की पुंजाशेट पाटी आत घेई आणि तलवारवाल्याच्या मागे दडवी. म्हणजे वर पडद्यावर कमानीचं दुकान आणि खाली मशीनच्या बुडाशी खरी पाटी. भागुबाई धापा टाकत मशीनला पाठ लावून उभी राहायची. तिच्या जन्मात दुकानात उभं राहण्याचे जे क्षण आले ते एवढेच.

मग शेखरने तो बॉम्ब टाकला. एका सकाळी तो आला तो छाती काढून. "काल शेवटच्या दुकानापर्यंत गेलो! राक्षसाच्या गुहेच्या तोंडाशी! आणि मावशी, तिथे तुम्ही पैसेच घेत नाही. औषधाची बाटली फुकट!"

"फुकट? म्या? जीभ झडंल तुझी!"

झालं. बोळभर चेष्टा सुरू. जो तो येऊन म्हणे, "मावशी, आत फुकट देता, मग बाहेर का नाही?" भागुबाई चिडायची, वजन उगारायची. पण रात्री चुलीपुढे बसून ती विचार करायची. एवढं दगडाचं दुकान, एवढं सागवानी दार, आणि ही बाई फुकट का देत असंल? शेखरला म्हणाली, "मला दाव ते." तो म्हणाला, "उद्या." पण उद्याला विंचू चावला, परवा लाईट गेली, मग परीक्षा आली, मग ज्योत्स्नाचं लग्न ठरलं. शेखरशी नव्हे, एका डॉक्टरशी. शेखर महिनाभर बोळात फिरकला नाही. आणि तो परत आला तेव्हा पुंजाशेटच्या दुकानाला कुलूप होतं. घरोघरी टीव्हीला लावायचे गेम आले होते, पुंजाशेट मशीन टेम्पोत घालून गावी निघून गेला होता.

भागुबाई त्यानंतरही किती वर्षं त्याच बोळाच्या तोंडाशी बसली. पण पाठीमागे काही नाही, ही जाणीव तिला पाठीतच व्हायची.

परवाच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. सोसायटीच्या गेटात एक टक्कल पडलेला गृहस्थ बॅग घेऊन उभा राहिला आणि फ्लॅटचा नंबर शोधू लागला. सुनीलला विमा विकायला आला होता. उभा होता तो नेमका भागुबाईच्या समोर.

"ए बाबा, घ्यायचं तर घे, नायतर उजेड सोड."

गृहस्थ जागच्या जागी थिजला. मग हळूच वळला.

"मावशी? भागुमावशी? रविवार कारंजा?"

भागुबाईने डोळे बारीक केले. टक्कल वजा केलं, पोट वजा केलं, आणि खाली शेखर निघाला. तीस वर्षांनी भेटलेल्या माणसाला कुणी विचारेल, कसा आहेस, मुलंबाळं किती. भागुबाईने विचारलं,

"माझं दुकान कुठं गेलं रे?"

शेखर हसला नाही. त्याने आधी मोबाईल काढला. जुने खेळ आता मोबाईलवर मिळतात म्हणाला, आणि शोधून तो खेळ लावलासुद्धा. भागुबाईने चष्मा चढवून बघितलं.

"ही तर मुंगी हाय. ही काय दुकान चालिवनार? ह्याच्यावर नको. खरं कुठं हाय?"

फोनाफोनी झाली. पुंजाशेट जिवंत होता, ठणठणीत होता, आणि मशीनसुद्धा. "दर खंडेनवमीला पूजा करतो ना त्याची," पलीकडून आवाज आला. "ट्रॅक्टर, पंप आन तलवारवाला. तिघांना झेंडू. चालू करून बघतो, बंद करतो. या की!"

सुनील म्हणाला, एवढ्या लांब कशाला? निकिता म्हणाली, जाऊ द्या हो. भागुबाईने सकाळीच उठून शेंगदाणे भाजले, पिशवीत भरले, आणि ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून शेखरच्या गाडीत पुढे बसली. पट्टा लावायला सांगितला तर म्हणाली, "म्या काय पळून चालले का?"

चांदवडच्या अलीकडे आत वळल्यावर पुंजाशेटची वस्ती. केस अजून तांबूस, आणि मेंदी नाहीच हे त्याने नमस्काराआधीच सांगितलं. मशीन ठेवलेलं होतं कांद्याच्या चाळीत. एका बाजूला छतापर्यंत कांदा, दुसऱ्या बाजूला गोणपाटाखाली तलवारवाला, गळ्यात सुकलेल्या झेंडूची माळ. गोणपाट काढल्यावर भागुबाई पुढे झाली आणि मशीनच्या मागे वाकून बघितलं. पाटीची जागा होती तशीच होती.

"पाटी राहील अजून," ती म्हणाली.

पुंजाशेटने बटण दाबलं. आधी नुसता गुणगुणाट, मग रेघा, आणि मग तो वीर, अर्ध्या कपड्यांतला, तेवढाच तरुण. शेखर त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिला. टकलावरून हात फिरवला.

"पुडी घे आधी," भागुबाईने पिशवी पुढे केली. "रिवाज मोडू नको."

शेखरने पुडी घेतली, आणि तरीही पहिल्याच विंचवाला मेला. पुंजाशेट पोट धरून हसला. पुन्हा सुरू, पुन्हा मेला. बोटं विम्याचे फॉर्म भरून आखडली होती. सकाळची दुपार झाली. भागुबाईला नुसतं बसवेना, तिने खाली बसून कांदे निवडायला घेतले. सडका इकडे, कोंब आलेला तिकडे. पुंजाशेटची सून चहा घेऊन आली ती बघतच राहिली: पाहुणी कांदे निवडतेय, पाहुणा पोरासारखा खेळतोय आणि सासरा ओरडतोय, "उडी मार, उडी, अरे ढेरी आत घे!"

जेवणानंतर शेखरचा हात बसला. ज्या फळीवर पूर्वी पाय घसरायचा ती त्याने न बघता ओलांडली. पहिलं दुकान आलं, भागुबाईने कांदा खाली ठेवला. "हेच. हेच रे." तिसऱ्या दुकानात त्याने सगळ्यांत महागडे बूट घेतले. "कशाला ते?" पुंजाशेट करवादला. "पैसा राख!" पण शेखर पूर्वीही तसाच होता, बूट आधी. ज्योत्स्नाच्या गल्लीतून फिरायलासुद्धा त्याने नवे बूट घेतले होते, चपला फाटल्या होत्या तरी.

आणि मग अंधारी वाट लागली. पाणी टपकतंय, खाली लाव्हा, आणि लांब टोकाला गुहेचं तोंड. त्याच्या अलीकडे दार. बाकीच्या सगळ्यांपेक्षा मोठं. दगडी पायऱ्या, कमान, दोन बाजूंना दोन मशाली.

भागुबाई उठून उभी राहिली. पदर सारखा केला.

"उघड."

दार उघडलं. आत ती बसली होती. तेच फडकं, तेच नाक, तशीच उकिडवी. समोर लाल बाटली. आणि बाटलीखाली आकडा. असा तसा नाही, सगळ्या खेळातला सगळ्यांत मोठा आकडा. शेखरची नाणी त्याच्या निम्मीही नव्हती.

त्याने बटण दाबलं. पडद्यातल्या बाईने मान हलवली. नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा मान हलली. खाली ती परकी अक्षरं उमटली आणि पुंजाशेटला जुनी हुक्की आली. "घ्यायचं तर घे, नायतर उजेड सोड!"

तो एकटाच हसला.

भागुबाई पडद्याच्या अगदी जवळ गेली. काचेत तिचा चेहरा आणि आतला चेहरा एकमेकांवर आले.

"दे की गं," ती म्हणाली. "शेवटचं गिऱ्हाईक हाय ते. ह्याच्यापुढं कोन येनार हाय तुझ्याकडं?"

पडद्यातली बाई नुसती बघत होती. वाळू गळत होती. शेखरने आणखी एकदा बटण दाबलं, मान आणखी एकदा हलली. मग तो वीराला घेऊन बाहेर आला. पडदा पुढे सरकला, आणि दार डावीकडे सरकत सरकत काठापलीकडे गेलं. राक्षस दिसला. त्याने एकदा फुंकर मारली आणि खेळ संपला. तीस वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगला होता तो राक्षस शेखरला धड बघतासुद्धा आला नाही.

भागुबाईची नजर राक्षसाकडे नव्हतीच. दार गेलं त्या काठाकडे होती.

"फुकट देती म्हनला होतास."

शेखर खाली बघत म्हणाला, "मावशी, मी इथपर्यंत आज पहिल्यांदाच आलोय."

"आँ? मंग ते फुकटाचं कुठून काढलंस?"

"तुमच्याकडूनच." तो कांद्याच्या गोणीवर बसला. "रोज दुकान बंद होताना मीच शेवटचा निघायचो. तुम्ही पाटीच्या तळाचे सगळे दाणे माझ्या खिशात ओतायचात. एक पैसा नाही घेतलात कधी. मला वाटलं, खेळातल्या शेवटच्या दुकानातही तुम्हीच असाल, तर तसंच होणार. नाही का?"

पुंजाशेटने खोकल्यासारखं केलं आणि मशीनवरची धूळ पुसू लागला.

"ते फुकट नव्हतं रे," भागुबाई म्हणाली. "भरलेली पाटी घरी न्यायची नसती. आमच्यात नेत नाय. तळ रिकामा करूनच उठायचं." मग पडद्याकडे हात झटकून म्हणाली, "ती म्या नाय. ती कोन दुसरीच बया हाय. एवढी वर्सं उगाच तिला म्याच समजून बसले."

पुंजाशेटने आणखी एकदा खेळ म्हणून आग्रह केला. शेखरने भागुबाईकडे बघितलं. तिने मान हलवली, नाही. मशीन बंद झालं, गोणपाट चढलं. निघताना तिने झेंडूची सुकी माळ नीट सरळ केली, पाय लागल्यावर करतात तसा मशीनला हात लावून तो कपाळाला नेला.

परतीच्या वाटेवर हायवेला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग होती. शेखर मध्येच राक्षस आठवून स्वतःशी हसायचा, मध्येच हसायचा थांबायचा. इंदिरानगरच्या वळणावर भागुबाईने पिशवी उलटी केली. उरलेले सगळे शेंगदाणे त्याच्या शर्टाच्या खिशात ओतले. खिसा भरला, मग त्याला ओंजळ पुढे करायला लावली. गाडी चालवताना ओंजळ कशी धरायची, म्हणून त्याने गाडी कडेला घेतली.

"मावशी, विमा काढा की तुमचासुद्धा," तो काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

"माझ्यात काय उरलंय विमा काढायला? उतरव मला."

सोसायटीच्या गेटापाशी ती उतरली. निकिता खुर्ची घेऊन येतच होती. भागुबाई खुर्चीत पाय वर घेऊन बसली, रिकामी पिशवी झटकली, घडी केली. शेखर अजून गाडीपाशीच उभा होता. तिने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या पलीकडे, रस्त्याच्या पार टोकाकडे.

"पन दार," ती म्हणाली, "दार काय होतं रे शेखर!"